प्लेऑफची शेवटची दोन मिनिटं इतकी का लांबतात? आणि तेव्हा नेमकं बघायचं काय?

नवा_प्रेक्षक:

एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, पहिली तीन क्वार्टर्स समजायला काही अडत नाही. बॉल इकडून तिकडे जातो, बास्केट होते, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), परत पळापळ. चौथ्या क्वार्टरची दोन मिनिटं उरली की मात्र सगळं बदलतं. घड्याळात ०:४१ दिसतं, मग टाइमआउट, मग फाउल, मग दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट), मग पंच स्क्रीनकडे जातात, आणि सगळं आटोपल्यावर घड्याळात ०:३८.

काही गोष्टी खरंच समजून घ्यायच्या आहेत. मागे असलेली टीम मुद्दाम फाउल करून समोरच्याला फुकटचे गुण का देते? एकाच प्रकारच्या फाउलवर कधी फ्री थ्रो मिळतात आणि कधी बॉल नुसता बाजूने आत येतो, असं का? टाइमआउट संपला की बॉल अचानक समोरच्या बास्केटजवळ कसा पोचतो? आणि सगळ्यात गोंधळाचं म्हणजे, तीन गुणांनी पुढे असलेल्या टीमनेच फाउल करायला हवा होता, असं समालोचक कळकळीने सांगत असतात. ते का?

नियमांच्या पुस्तकासारखं नको. सामना चालू असताना डोळे कुठे ठेवायचे ते सांगा.

बोनस_लागला:

चांगला प्रश्न आहे. शेवटच्या दोन मिनिटांत गुणांइतकीच सेकंदांचीही देवाणघेवाण चालते. मागे असलेली टीम गुण देऊन सेकंद विकत घेते, पुढे असलेली टीम सेकंद खर्च करत राहते. हा व्यवहार दिसू लागला की एकही थांबा कंटाळवाणा वाटत नाही.

आधी घड्याळ कधी थांबतं ते बघा. एरवी बास्केट झाल्यावर घड्याळ बहुतेक वेळ चालूच राहतं. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत (आणि जादा वेळेच्याही) बास्केट झाली की ते थांबतं आणि बॉल आत येऊन मैदानावरच्या खेळाडूने त्याला हात लावला की सुरू होतं. म्हणून कधी कधी मागे असलेली टीम बॉल आत टाकल्यावर तो जमिनीवर घरंगळू देते. प्रेक्षक ओरडतात, "अरे उचल ना!" पण तो उचलत नाही तोवर घड्याळ सुरू होत नाही, शॉट क्लॉकही नाही (एका हल्ल्यात शॉट मारायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ). बॉल घरंगळत दहा-पंधरा फूट पुढे येतो आणि एक सेकंदही जात नाही. समोरचा खेळाडू झडप घालायच्या आत तो उचलायचा, एवढंच कौशल्य.

आता फाउलचं गणित. शॉट क्लॉक २४ सेकंदांचा. तुमची टीम २ गुणांनी मागे आहे, बॉल समोरच्याकडे आहे आणि ३५ सेकंद उरलेत, तर फाउल करायची गरज नाही. त्यांनी पूर्ण २४ सेकंद घेतले तरी ११ उरतात. शॉट चुकून रिबाउंड हातात येईपर्यंत आणखी दोन-तीन जातात, तरी एक नीट हल्ला होतो. उरलेत २६ सेकंद, तर तसं बसून चालणार नाही, तुमच्याकडे जेमतेम २ उरतील. तिथे फाउल करावाच लागतो. कठीण पट्टा आहे २८ ते ३२ सेकंदांचा. तिथे प्रशिक्षकाला बचावावर भरवसा आहे की नाही ते उघडं पडतं. पडद्यावर सामन्याचं घड्याळ आणि शॉट क्लॉक यांतला फरक बघायची सवय लावा. फाउल येणार की नाही ते तुम्हाला समालोचकाच्या आधी कळेल.

फुकटचे गुण म्हणाल तर हो, सौदा महागच असतो. ८० टक्के फ्री थ्रो मारणाऱ्याला दोन मिळाले तर दोन्ही जाण्याची शक्यता ६४ टक्के, एकच जाण्याची ३२ आणि दोन्ही चुकण्याची फक्त ४. सरासरी १.६ गुण. एका साध्या हल्ल्यात एवढे गुण कोणतीच टीम काढत नाही. तरीही मागे असलेली टीम फाउल करते, कारण तिला २४ ऐवजी ३-४ सेकंदांत बॉल परत मिळतो. तोच खेळाडू ५० टक्क्यांचा असेल तर दोन्ही जाण्याची शक्यता २५ टक्क्यांवर येते. म्हणून "कोणाला फाउल करायचा" यावर एवढी धडपड चालते.

इथेच पुढे असलेल्या टीमचा डाव सुरू होतो. ती आपले सगळ्यात चांगले फ्री थ्रो मारणारे पाच जण आत आणते. उंच, दणकट पण फ्री थ्रोमध्ये कच्चा खेळाडू बाकावर जातो. बॉल आत येताना सगळे त्या ९० टक्केवाल्याला तो मिळावा म्हणून अडथळे उभे करतात आणि मागे असलेली टीम नेमकी त्याच्या छातीला चिकटून उभी राहते. टीव्हीचा कॅमेरा बॉल टाकणाऱ्यावर असतो. तुम्ही बघा या दोघांच्या झटापटीकडे. बॉल टाकायला ५ सेकंदच असतात, त्यामुळे चौथ्या सेकंदाला बॉल टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

कच्च्या खेळाडूला बॉलपासून लांब धरून फाउल का करत नाहीत? कारण शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून दूर फाउल केला, तर एक फ्री थ्रो मिळतो (तो मैदानावरचा कोणीही मारू शकतो) आणि वर बॉलही त्यांच्याकडेच राहतो. बॉल आत टाकणाऱ्याच्या हातातून सुटण्याआधी फाउल केला तरी हीच शिक्षा. म्हणून बचाव करणारा हात आखडून थांबतो, पास सुटला की झेप घेतो. अर्धा सेकंद घाई केली तर अख्खा सामना जातो.

बेसलाइन:

वरचं सगळं बरोबर. कधी फ्री थ्रो आणि कधी नुसता बॉल, हे राहिलं.

प्रत्येक क्वार्टरमध्ये टीमचे पहिले ४ फाउल (शॉट मारताना केलेले सोडून) फ्री थ्रोशिवाय सुटतात. पाचव्यापासून बोनस, म्हणजे दोन फ्री थ्रो. पण शेवटच्या दोन मिनिटांत वेगळा हिशेब आहे. तोवर चार भरले नसले तरी त्या दोन मिनिटांतला दुसरा फाउल बोनसमध्येच धरला जातो. म्हणजे अगदी शिस्तीत खेळलेल्या टीमकडेही एकच फुकटचा फाउल उरतो.

हा एक फाउल सोन्यासारखा असतो. समजा ९ सेकंद उरलेत, तुम्ही २ गुणांनी पुढे आहात आणि समोरच्यांनी टाइमआउटमध्ये सुंदर चाल आखून आणली आहे. ती चाल उलगडायला लागली की ४ सेकंदांवर तुम्ही हलकेच फाउल करता. फ्री थ्रो नाहीत. बॉल परत बाजूने, आता हाताशी फक्त ४ सेकंद आणि आखलेली चाल वाया. उलट ज्यांच्याकडे हा फाउल नाही ते हात मागे घेऊन बचाव करतात आणि त्यांच्यावर ड्राइव्ह करणं, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी मारणं, सोपं जातं. पडद्यावर गुणांच्या पट्टीत टीमच्या नावाशेजारी "बोनस" दिसतं, ते आधी बघून ठेवा.

टाइमआउट: प्रत्येक टीमला पूर्ण सामन्यात ७, प्रत्येकी ७५ सेकंदांचे. चौथ्या क्वार्टरमध्ये जास्तीत जास्त ४ नेता येतात आणि शेवटच्या तीन मिनिटांच्या टप्प्यात २. म्हणजे दोन्हीकडचे मिळून चार वापरले तर पाच मिनिटं तिथेच गेली. एका फ्री थ्रोला खेळाडूला १० सेकंदांपर्यंत वेळ असतो. सहा फाउल म्हणजे बारा फ्री थ्रो, वर रांगेत उभं राहणं, खेळाडू बदलणं. तुमची दोन मिनिटं अशी लांबतात.

बॉल पलीकडे कसा पोचतो? शेवटच्या दोन मिनिटांत बॉल आपल्या बाजूला असताना टाइमआउट घेतला, तर टीमला तो पुढच्या अर्ध्यात, २८ फुटांच्या खुणेजवळ बाजूच्या रेषेवरून आत टाकता येतो. ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची चिंता संपली. २ सेकंद उरले असताना हा फरक केवढा मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणून चांगले प्रशिक्षक एक टाइमआउट अखेरपर्यंत जपतात. शिल्लक नसताना मागितला, तर टेक्निकल फाउल लागतो, समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो आणि बॉलही जातो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. टाइमआउट घेतला की बचाव करणाऱ्यालाही हवे ते पाच जण आत आणता येतात. रिबाउंड हातात आला, समोरचे विस्कळीत आहेत आणि ७ सेकंद उरलेत, तर न थांबता पळणंच बरं. या निर्णयाला प्रशिक्षकाकडे अर्धा सेकंदही नसतो. मला सगळ्या प्लेऑफमधला हा सगळ्यात थरारक क्षण वाटतो.

नवा_प्रेक्षक:

आता शॉट क्लॉक आणि बोनस दोन्ही बघेन. पंच स्क्रीनकडे जातात तेव्हा काय तपासतात? आणि काही वेळा प्रशिक्षक हवेत बोट फिरवतो, ते काय?

शिट्टी_आणि_स्क्रीन:

बोट फिरवणं म्हणजे चॅलेंज. प्रशिक्षकाचं चॅलेंज २०१९-२० च्या हंगामात आलं. त्यासाठी हातात टाइमआउट शिल्लक हवा, कारण चॅलेंज करायचं म्हणजे आधी टाइमआउट घ्यायचा आणि मग खूण करायची. आपल्या खेळाडूवर दिलेला फाउल, बॉल कोणाला लागून बाहेर गेला आणि गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा बॉल बचाव करणाऱ्याने अडवणं), अशा निर्णयांवर ते करता येतं. बरोबर ठरलं तर टाइमआउट परत मिळतो. २०२३-२४ पासून पहिलं बरोबर ठरलं तर दुसरं चॅलेंजही मिळतं, मात्र त्या दुसऱ्यासाठी वापरलेला टाइमआउट परत मिळत नाही.

म्हणून पहिल्या क्वार्टरमध्ये चॅलेंज उधळणं मला पटत नाही. तिथे वाचलेला एक फाउल आणि शेवटच्या मिनिटात परत मिळालेला बॉल यांची किंमत सारखी नाही. एकच अपवाद: मुख्य खेळाडूवर लवकर तिसरा-चौथा फाउल पडत असेल तर. सहाव्या फाउलला तो बाहेर जातो आणि शेवटची दोन मिनिटं त्याच्याशिवाय काढावी लागतात.

दृश्यं पंच एकटेच तपासत नाहीत. न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथे २०१४ पासून लीगचं रिप्ले केंद्र आहे, तिथून कोन पुरवले जातात. बझरच्या क्षणी मारलेल्या शॉटला एकच कसोटी: घड्याळ शून्यावर आलं तेव्हा बॉल हातातून सुटला होता का. बोर्डाच्या कडेने लाल दिवे लागतात. स्लो मोशनमध्ये बोटं आणि लाल कडा एकाच चौकटीत बघा, निकाल तुम्हीच सांगाल. बॉल नंतर कितीही वेळ हवेत असो. १२ मे २०१९ ला टोरंटो-फिलाडेल्फिया मालिकेच्या सातव्या सामन्यात कवाय लेनर्डचा शॉट रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला, ९२-९०. पहिला टप्पा पडायच्या आधीच बझर वाजून गेला होता.

दुसरी कसोटी पायाची: तो तीन गुणांच्या रेषेबाहेर होता का. २१ मे २०२५ ला न्यू यॉर्कमध्ये इंडियाना पेसर्स चौथ्या क्वार्टरला २:५१ उरली असताना १४ गुणांनी मागे होते. ॲरन नेस्मिथने तीन-तीन गुणांचे शॉट लावायला सुरुवात केली आणि बझरला टायरीस हॅलिबर्टनचा शॉट रिंगला लागून उंच उडाला आणि थेट जाळीत आला. पेसर्स २ गुणांनी मागे होते, म्हणजे तीन मिळाले तर जिंकले, दोन मिळाले तर बरोबरी. रिप्लेत पायाचा पुढचा भाग रेषेवर दिसला. १२५-१२५, जादा वेळ, आणि तिथे पेसर्सनी १३८-१३५ जिंकलं. शॉट मारणारा उतरतो कुठे ते बघू नका, उडी मारताना पाय कुठे होता ते बघा.

०.३ सेकंदांचा नियमही हवा. ०.३ किंवा जास्त उरलं असेल तर बॉल पकडून शॉट मारता येतो. ०.२ किंवा ०.१ असेल तर पकडायला मुभा नाही, हवेतल्या हवेत ढकलावा लागतो. मग सगळे उंच खेळाडू रिंगखाली गोळा होतात आणि पास थेट रिंगच्या दिशेने उंच येतो. १३ मे २००४ ला सॅन अँटोनिओत डेरेक फिशरने मारलेला शॉट ०.४ मधला होता. पकडला, वळला, सोडला. त्याहून कमी वेळात यापेक्षा जास्त काही होऊ शकत नाही.

चुकीच्या निर्णयांचं काय, असं कोणी विचारेल. अखेरच्या दोन मिनिटांत अंतर ३ किंवा कमी आलेल्या सामन्यांचा लीग दुसऱ्या दिवशी अहवाल काढते, प्रत्येक शिट्टी आणि न वाजलेली शिट्टीसुद्धा धरून. निकाल बदलत नाही. पण पडद्यावर जे दिसत नाही, म्हणजे अडथळा उभा करताना कोणाचा पाय हलला वगैरे, ते शिकायला याहून चांगलं साधन नाही.

बोनस_लागला:

तीनने पुढे असताना फाउल करायचा का, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: करायचा, पण शेवटचे ६-७ सेकंद उरले असतील तेव्हाच.

कारण सरळ आहे. तीनच्या पिछाडीवरून बरोबरी साधायला समोरच्याला तीन गुणांचा शॉट लागतो. फाउल करून दोन फ्री थ्रो दिले तर तो शॉट मारण्याची संधीच राहत नाही. आता त्यांना पहिला घालावा लागतो, दुसरा मुद्दाम चुकवावा लागतो, रिबाउंड घ्यावा लागतो आणि पुन्हा बास्केट करावी लागते. फ्री थ्रोच्या वेळी रिंगजवळच्या दोन्ही जागा बचाव करणाऱ्या टीमच्या असतात, बाजूच्या रांगांत त्यांचे तीन आणि मारणाऱ्यांचे फक्त दोन उभे राहतात. शिवाय मुद्दाम चुकवलेला बॉल रिंगला लागलाच पाहिजे. नाही लागला तर बॉल गेला.

१८ जून २०१३, अंतिम फेरीचा सहावा सामना. सॅन अँटोनिओ २८.२ सेकंद उरले असताना ५ गुणांनी पुढे होते. अखेर ९५-९२ अशी तीनची आघाडी असताना त्यांनी फाउल केला नाही. टिम डंकन बाकावर होता, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा रिबाउंडर. लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला, क्रिस बॉशने रिबाउंड घेतला, कोपऱ्यात मागे पळणाऱ्या रे ॲलनला दिला आणि ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी. मायामीने जादा वेळेत १०३-१०० जिंकलं आणि मग सातवा सामनाही. त्याआधी मनू जिनोबिली आणि कवाय लेनर्ड या दोघांचा प्रत्येकी एक फ्री थ्रो चुकला होता, हे लोक विसरतात. त्यातला एक जरी गेला असता, तरी तो शॉट बरोबरीचा ठरला नसता.

बेसलाइन:

इथे माझा विरोध नोंदवतो. कागदावर फाउल बरोबर आहे, मैदानावर तो जमवणं अवघड आहे.

मारणारा खेळाडू मूर्ख नसतो. बचाव करणारा हात घालायला येतोय हे दिसलं की तो लगेच शॉटसाठी हात वर नेतो. एनबीएत बॉल गोळा करून वर नेण्यापासूनच शॉटची हालचाल धरली जाते. पंचांनी शॉटवरचा फाउल दिला की तीन फ्री थ्रो, आणि तुम्ही आपल्या हाताने बरोबरी करून दिलीत. म्हणून फाउल करायचा असेल तर दोनच वेळा योग्य: खेळाडू बास्केटकडे पाठ करून बॉल पकडत असताना किंवा तो मधल्या रेषेजवळ ड्रिबल करत असताना. रेषेबाहेर तोंड करून उभा असलेल्याला हात लावू नका.

दुसरा धोका साखळीचा. १२ सेकंदांवर फाउल केला, त्यांनी दोन्ही घातले, आघाडी १. मग ते तुम्हाला फाउल करणार, तुमचा एक चुकला की आघाडी २. आता दोन गुणांच्या बास्केटनेही बरोबरी. रेजी मिलरचे ८.९ सेकंदांतले ८ गुण आठवा, ७ मे १९९५. १८.७ सेकंद उरले असताना न्यू यॉर्क ६ गुणांनी पुढे होतं. मिलरचे तीन, बॉल आत येताना पळवला, पुन्हा तीन. बरोबरीवर न्यू यॉर्कला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही चुकले. मग मिलरचे दोन, १०७-१०५. इतक्या सेकंदांत बॉल किती वेळा हात बदलू शकतो ते बघा. प्रत्येक फाउल म्हणजे असाच एक जास्तीचा फेरा.

लीगमध्ये तीन गुणांचे शॉट साधारण ३५-३६ टक्के जातात, हात तोंडासमोर असताना त्याहून कमी. रेषेवर चिकटून बचाव करा, कोपरे मोकळे सोडू नका आणि रिबाउंडसाठी एक उंच खेळाडू आत ठेवाच.

बोनस_लागला:

उंच खेळाडूचा मुद्दा एकदम मान्य. ६ सेकंदांच्या आत पाठ करून पकडणारा असेल तर फाउल, नाहीतर तुमचा मार्ग. यावर आपण दोघंही सही करू.

कोपऱ्यातला_थ्री:

एक भर घालतो. फ्री थ्रो मारणाऱ्याकडे बघण्यापेक्षा रांगेत उभे असलेल्यांकडे बघा. दुसरा फ्री थ्रो चुकला तर पुढे काय करायचं हे मैदानावरच्या दहाही जणांना माहीत असायला हवं. ३१ मे २०१८, अंतिम फेरीचा पहिला सामना, १०७-१०७, ४.७ सेकंद. क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो चुकला, जे. आर. स्मिथने रिबाउंड पकडला आणि शॉट न मारता बॉल बाहेर नेला. टीमकडे टाइमआउट शिल्लक होता, तोही कोणी घेतला नाही. जादा वेळेत गोल्डन स्टेटने १२४-११४ जिंकलं. रांगेत उभं राहण्याआधी गुण, सेकंद आणि शिल्लक टाइमआउट हे तिन्ही आकडे प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचे असतात, ते याचसाठी.

आणि ज्यांना हे थांबेच नको असतील त्यांच्यासाठी: निक एलम यांच्या नावाची एक पद्धत आहे. तिच्यात अखेरचं घड्याळ काढून टाकतात आणि एक लक्ष्य ठरवतात, ते आधी गाठेल तो जिंकला. २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात ती वापरली. आघाडीवरच्या टीमचे १३३ अधिक २४, लक्ष्य १५७. मागे असलेल्याला फाउल करून काही मिळत नाही, म्हणून सगळे जीव तोडून बचाव करत होते. शेवटचा गुण मात्र अँथनी डेव्हिसच्या फ्री थ्रोचाच होता, १५७-१५५.

नवा_प्रेक्षक:

म्हणजे शॉट क्लॉकचा फरक, बोनस, शिल्लक टाइमआउट आणि बॉल आत येताना ९० टक्केवाल्याभोवतीची झटापट. पुढच्या सामन्याला एवढंच घेऊन बसतो. एक शेवटची शंका: ४ गुणांनी मागे, ४० सेकंद, बॉल आपल्याकडे. आधी दोन की तीन?

बोनस_लागला:

जे लवकर मिळेल ते. ६-८ सेकंदांत मोकळा लेअप (बास्केटजवळून मारायचा सोपा शॉट) मिळाला तर दोन घ्या. ३२ च्या आसपास सेकंद उरतात आणि फाउल न करता बचाव करायचा पर्याय उघडा राहतो. तीन शोधत १५ सेकंद घालवलेत तर तो पर्याय गेला. बचाव करणारे अशा वेळी तीनची रेषा अडवून आतला रस्ता मुद्दाम मोकळा सोडतात, कारण त्यांना तुमचे दोन चालतात पण तुमचे वाचलेले सेकंद चालत नाहीत. रस्ता दिसला की पळत सुटा.

बेसलाइन:

आणि लेअप आत गेल्या गेल्या फाउल करायला धावू नका. आधी शॉट क्लॉक बघा.